पहिल्या तासाची बातमी

१. पहिल्या तासात कळतं थोडं, बोललं जातं फार.

१५ डिसेंबर २०१४ ला सिडनीच्या मार्टिन प्लेसमधल्या लिंट कॅफेत मान हारून मोनिसने अठरा जणांना ओलीस धरलं. समोरच चॅनल सेव्हनचा स्टुडिओ होता. त्यामुळे काचेशी उभे केलेले ओलीस आणि त्यांच्या हातातला काळा झेंडा काही मिनिटांत घरोघरी पोहोचला. झेंडा इसिसचा, म्हणजे इस्लामिक स्टेटचा, आहे, असं अनेकांनी बेधडक सांगितलं. प्रत्यक्षात त्यावर कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, लिहिलेला होता. दुपारी ‘डेली टेलिग्राफ’ची खास आवृत्ती निघाली आणि इस्लामिक स्टेटने तेरा जणांना ओलीस धरल्याचं तिने छापलं.

मोनिसच्या मागण्यांतल्या दोन अशा होत्या: इसिसचा झेंडा आणून द्या, आणि हा इस्लामिक स्टेटचा ऑस्ट्रेलियावरचा हल्ला आहे असं माध्यमांतून जाहीर करा! एकही ओलीस न सोडता यातली दुसरी जवळपास पुरी झाली होती. त्याच्याकडे बॉम्ब नव्हता. टोरी जॉन्सन आणि कॅट्रिना डॉसन हे दोन ओलीस मात्र जिवानिशी गेले. ते दुःख खरं आहे, म्हणूनच त्याभोवती कल्पित गोष्टी रचलेल्या मला सहन होत नाहीत.

त्या दुपारी ऑफिसं लवकर सुटली. माझी एक सहकारी हिजाब घालते. विनयार्ड स्टेशनहून आम्ही दोघी एकत्र निघालो. डब्यात सीटवर कुणीतरी ती खास आवृत्ती टाकून गेलं होतं. तिने ती उचलली, मथळा आत जाईल अशी घडी घातली आणि मग बसली. आमच्या स्टेशनपर्यंत एक शब्द बोलली नाही.

२. हातात असलेली बातमी न देणं, हीही पत्रकारिताच.

त्याच दिवशी मोनिस ओलिसांना वृत्तसंस्थांकडे फोन करायला लावत होता. रेडिओवरच्या रे हॅडली यांच्याशी एक ओलीस बोलला, पण त्यांनी ते प्रक्षेपित केलं नाही. मी मूळची मुंबईची. २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी ताज आणि नरिमन हाउसभोवतीची कमांडोंची हालचाल वाहिन्यांवर थेट दिसत होती, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही ती पाहत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावलं. हॅडलींचा संयम मला मोलाचा वाटतो तो यामुळे.

३. संशय मोठ्या टायपात छापला जातो, खुलासा बारीक.

बंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात नोकरीला होते. ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्यानंतर, २ जुलै २००७ ला, त्यांना ब्रिस्बेन विमानतळावर पकडलं. इंग्लंड सोडताना त्यांनी आपलं सिमकार्ड एका नातलगाला दिलं होतं. ते हल्ल्यातल्या जळत्या जीपमध्ये सापडलं, असं सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितलं. बारा दिवस आरोपाविना कोठडी झाली, मग आरोप, मग व्हिसा रद्द. त्या महिन्यात आमच्या ओळखीच्या भारतीय डॉक्टरांच्या घरी जेवायला बसलं तरी विषय दुसरा नसायचा. रुग्ण आपल्याकडे कसे बघतात, हेच.

गाठ सोडवली तीही पत्रकारांनीच. सिमकार्ड जीपमध्ये नव्हे, लिव्हरपूलमध्ये सापडलं होतं, हे एबीसी या सार्वजनिक प्रसारसंस्थेच्या राफाएल एपस्टीन यांनी उघड केलं. ‘द ऑस्ट्रेलियन’च्या हेडली थॉमस यांनी पोलिसी जबाबाची प्रतच मिळवून छापली. त्या कामासाठी त्यांना गोल्ड वॉकली हा ऑस्ट्रेलियन पत्रकारितेतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २७ जुलैला आरोप मागे घेतला गेला, २००८ च्या क्लार्क चौकशीत हनीफ निर्दोष ठरले, २०१० मध्ये भरपाई मिळाली. तरी आजही कुणाला विचारा, ‘तो सिमकार्डवाला डॉक्टर’ एवढंच आठवतं. सुटका आठवत नाही.

४. नाव कळायच्या आधी माणूस ठरलेला असतो.

१३ एप्रिल २०२४ ला सिडनीतल्या बाँडाय जंक्शनच्या मॉलमध्ये सहा जणांना भोसकून मारलं गेलं. समाजमाध्यमांवर आधी मुसलमानांकडे बोट गेलं, मग एका निरपराध ज्यू विद्यार्थ्याकडे, आणि एका मोठ्या वाहिनीने त्या मुलाचं नाव हल्लेखोर म्हणून सांगितलंसुद्धा. खरा हल्लेखोर मनोरुग्ण होता. मेलेल्यांत फराज ताहिर हा पाकिस्तानातून आलेला सुरक्षारक्षक होता.

५. दूरच्या माणसाला शहर दिसत नाही, पट्टी दिसते.

असं काही घडलं की दादरहून आईचा फोन येतो. मराठी वाहिन्यांवर लाल पट्टी, ‘सिडनी हादरलं’, आणि तीच वीस सेकंदांची चित्रफीत पुन्हा पुन्हा. मी सांगते, “आई, आम्ही पॅरामॅटाला. अंधेरीहून चर्चगेट जितकं लांब, जवळपास तितकं.” तेवढ्याने तिचा जीव भांड्यात पडतो. वाहिनीने एक नकाशा दाखवला असता, तरी हे काम झालं असतं.

६. मी काय करते, आणि काय मागते.

पहिल्या दिवशी टीव्ही बंद ठेवते. पोलिसांचं निवेदन आणि एबीसीवरचा मजकूर वाचते, आलेला एकही व्हिडिओ पुढे पाठवत नाही. मुलीला माहीत आहे ते सांगते आणि माहीत नाही तेही सांगते. संपादकांकडे माझी एकच मागणी आहे: चूक ज्या पानावर, ज्या टायपात छापली, खुलासाही त्याच पानावर, त्याच टायपात छापा. वाहिन्यांनी ज्या वेळेला चुकीचं सांगितलं, त्याच वेळेला, तितकीच मिनिटं देऊन बरोबर सांगावं. हे मी पत्रांतून दोनदा लिहून कळवलंय आणि पुढेही कळवत राहणार आहे.