कुत्र्याचे कोरडे खाद्य: पर्याय मोजके असताना निवड कशी करावी?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी अशा गावांत कुत्र्याच्या कोरड्या खाद्याचे मोजकेच ब्रँड मिळतात. अशा वेळी निवड नावावरून नव्हे, तर पाकिटामागच्या मजकुरावरून करावी. घटक बहुधा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; पहिल्या दोन-तीनांत कोंबडी, मासे किंवा अंडी असलेले खाद्य सहसा सरस. तांदूळ-मका असणे हा दोष नव्हे. शिजवलेले धान्य कुत्र्याला पचते. ‘एएएफसीओ’ या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार, ओलावा वगळून पिल्लाच्या खाद्यात किमान २२.५ टक्के आणि प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात १८ टक्के प्रथिने हवीत. खाद्य कोणत्या वयासाठी आहे, हे पाहावेच. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांना जादा कॅल्शियम घातक ठरते. सल्ल्याशिवाय वरून टॉनिक देऊ नये.

विदर्भात खरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखाली साठवलेल्या खाद्यातली चरबी लवकर खवट होते. त्यामुळे सुटे खाद्य टाळावे; अलीकडच्या तारखेचे, महिनाभरात संपेल एवढेच बंद पाकीट घ्यावे. ब्रँड बदलताना जुन्यात नवे मिसळत आठवडाभर घ्यावा. खाज किंवा जुलाब थांबत नसतील, तर पशुवैद्यकाला दाखवावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही.