पाठांतराच्या खुंट्या

कांहीं उपदेशक बंधु म्हणतात कीं, बोटें मोजून किंवा अक्षरें जुळवून शास्त्र पाठ करणें हा पोरखेळ आहे. त्यांनीं यहोशवाच्या पुस्तकाचा ४ था अध्याय उघडून पाहावा. इस्राएल लोक यार्देन उतरले तेव्हां नदीच्या पात्रांतून १२ धोंडे उचलून ते गिलगाल येथें उभे करण्यांत आले. कशासाठीं? पुढें मुलांनीं विचारलें म्हणजे बापांस ती हकीकत सांगावयाची आठवण व्हावी म्हणून. धोंडा ही हकीकत नव्हे. हकीकत जिच्यावर टांगावयाची ती खुंटी होय.

इब्री कवींनीं तर अक्षरांच्याच खुंट्या केल्या. त्यांच्या वर्णमालेंत २२ अक्षरें आहेत. ११९ व्या स्तोत्राचे भाग २२, दर भागांत वचनें ८, आणि तीं आठही वचनें मूळ भाषेंत एकाच अक्षरानें सुरू होतात. मिळून वचनें १७६. मराठी भाषांतरांत ही सोय उतरणें शक्य नव्हतें, म्हणून ती आपणांस दिसत नाहीं. विलापगीतांतही तसेंच आहे. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम जळालें, मंदिर पडलें; त्या आकांताचीं हीं गीतें. तरी त्यांचे १ ला, २ रा व ४ था हे अध्याय अक्षरांच्या अनुक्रमानें २२-२२ वचनांचे आहेत, व ३ ऱ्यांत दर अक्षरास ३ याप्रमाणें ६६ वचनें आहेत. हातीं पोथी नसली तरी पुढचें वचन कोणत्या अक्षरानें येणार, हें म्हणणारास ठाऊक असे.

आपल्या गांवच्या मंडळ्यांत ज्या बहिणींस वाचतां येत नाहीं, त्यांची आम्हांस विशेष काळजी वाटते. उपदेशक निघून गेला म्हणजे पुस्तक फळीवर मिटलेलें राहतें. मग त्यांच्या हातीं काय उरतें? हातच उरतो! चार बोटांचीं पेरें १२, आणि बाजारहाटाचा हिशेब करितांना अंगठ्यानें पेरें मोजणें त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. तर्जनीच्या वरच्या पेरापासून आरंभ करून मार्काच्या ३ ऱ्या अध्यायांतील क्रमानें प्रेषितांचीं नांवें ठेवावीं. तर्जनीवर पेत्र, याकोब, योहान; मधल्या बोटावर अंद्रिया, फिलिप्प, बर्थलमय; अनामिकेवर मत्तय, थोमा, अल्फीचा याकोब; करंगळीवर तद्दय, शिमोन कनानी, यहूदा इस्कर्योत. प्रभूनें डोंगरावर व गेथशेमाने बागेंत ज्यांस जवळ नेलें, तेच तिघे पहिल्या बोटावर येतात. शेवटचें पेर यहूदाचें खरें, पण प्रेषितांच्या कृत्यांच्या १ ल्या अध्यायांत तेथें मत्थिया येतो. तें रिकामें राहत नाहीं.

पुस्तकांची संख्या याहून सोपी. जुन्या करारांत ३९. त्यांतील ३ व ९ घेऊन नऊ त्रिक सत्तावीस, ही नव्या कराराची.

परंतु एका दमांत घडघडा म्हणून दाखविलें म्हणजे पाठ झालें, असें समजूं नये. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची अशी परीक्षा घेणें म्हणजे त्यांस फसविणेंच होय. एकदां शिकविल्यावर दुसऱ्या दिवशीं, मग आठ दिवसांनीं, मग महिन्यानें त्यांच्याकडून आठववून घ्यावें. अडखळल्यास थोडें थांबावें, लागलेंच सांगूं नये. मधूनच विचारावें कीं, अनामिकेचें मधलें पेर कोणाचें? "थोमाचें" असें उत्तर आलें म्हणजे पुढें विचारावें, त्याला प्रभूचे हात कां पाहावयाचे होते?