वजन उतरले, पण कातडीचे काय?

गेल्या महिन्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय ४१. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचे वजन ९६ किलो होते, आता काटा ६४ वर आला होता. रोजचे चालणे, मोजके खाणे आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्यावर त्यांनी हे साधले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात. मी अभिनंदन करायला गेलो, तर बाईंच्या डोळ्यांत पाणी. "डॉक्टर, लग्नात जी ती विचारत होती, काय आजार झाला म्हणून. पोटाची कातडी पिशवीसारखी लोंबते, दंड हलतात. त्यापेक्षा दहा किलो परत वाढवू का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत. वजन उतरवणारी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळू लागल्याने तो यापुढे अधिक कानी पडेल. बाईंना मी स्पष्ट 'नाही' म्हटले. वजन वाढले तर मधुमेह आणि रक्तदाब पुन्हा डोके वर काढतील आणि आधीच सैल झालेली कातडी आणखी ताणली जाईल. नातेवाइकांच्या प्रश्नात मात्र थोडे तथ्य असते. वजन ठरवून उतरवले असेल तर काळजी नको. पण काही न करता आपोआप उतरू लागले, तर मधुमेह, क्षय, थायरॉइड यांची तपासणी लगेच करून घ्यावी.

कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. एक तिला बळकटी देतो, दुसरा ताणल्यावर पूर्ववत आणतो. वर्षानुवर्षे ताण बसला की हे तंतू विसविशीत होतात. जुन्या पायजम्याच्या नाडीतले इलॅस्टिक जसे ओढून सोडले तरी आखडत नाही, तसे. पंचविशीतल्या माणसाची कातडी बरीच आवळते, पन्नाशीत कमी. विडी-सिगारेट आणि वर्षानुवर्षांचे ऊनही तिला लवकर सैल करते.

आता दिसण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. पोटाच्या घडीखाली, स्तनांखाली, जांघेत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, लाल होते, सोलवटते आणि तिथे बुरशी धरते. लाजेमुळे बायका हे महिनोन्‌महिने सांगत नाहीत. आंघोळीनंतर घडी उचलून मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरडी करावी, घासू नये. सुती कपडा वापरावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घडीत धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी ठेवली तरी चालते. घाम आला की ती बदलावी. खाज सुटली म्हणून औषधाच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब आणून चोळणे हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी पसरते आणि कातडी आणखी पातळ होते. जखम, दुर्गंधी, पू किंवा ताप असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

'आठ दिवसांत कातडी घट्ट' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. मलमाने कोरडेपणा जातो, लोंबणे जात नाही. तेलाच्या मालिशचेही तेच. भरपूर पाणी प्यायल्याने कातडी आवळत नाही. पट्ट्याने आधार मिळतो, चालताना बरे वाटते, इतकेच. यंत्राने उष्णता देऊन करायच्या उपचारांचा थोड्या सैलपणात थोडा उपयोग होतो. लोंबणाऱ्या पोटाला नाही.

मग हातात काय उरते? कातडीखालचा स्नायू. तो भरला तर दंड आणि मांड्या बऱ्याच सुधारतात. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम करावा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्यांपासून सुरुवात केली तरी पुरे. प्रथिने पोटात गेली पाहिजेत. आमच्या शिक्षिका रात्री नुसती काकडी खात होत्या! एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हरभरा, सोयाबीन, घट्ट वरण, दही हे रोज आलटून पालटून असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

राहिली शस्त्रक्रिया. जादा कातडी कायमची काढायची तर प्लास्टिक सर्जनकडे जावे लागते. वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर असावे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात. पुढे मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच करावी. तंबाखू आणि धूम्रपान निदान महिनाभर आधी बंद हवे, नाहीतर जखम भरत नाही. कातडी जाते, पण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखमेत पाणी साचणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे धोके आधीच विचारून घ्यावेत. खर्च मोठा असतो आणि केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा सहसा पैसे देत नाही. घडीखाली वारंवार जखमा होत असतील तर त्याची नोंद कागदावर ठेवा. त्याचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

बाईंच्या घडीखालची बुरशी तीन आठवड्यांत गेली. रक्तदाबाची गोळी आता निम्मी पुरते. शिंप्याकडे चार नवे ब्लाउज टाकले आहेत. वजन स्थिर राहिले तर शस्त्रक्रियेबद्दल सहा महिन्यांनी बोलायचे, असे ठरले आहे.