कार अलार्म लवकर कसा बसवावा?

दर रविवारी आमच्या विंगमधले दोघे-तिघे मेसचा फीस्ट सोडून कुठे गायब होतात, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात सिक्युरिटी सिस्टीम बसवायला जातो. पैसे नगावर मिळतात, त्यामुळे एका गाडीला किती वेळ लागतो यावर मेसच्या बिलाचं गणित अवलंबून! माझी पहिली गाडी सकाळी दहाला उघडली ती दुपारी अडीचला बंद झाली. आता तेच काम दोन तासांत होतं. हात काही दुप्पट वेगाने चालायला लागलेले नाहीत. मग वेळ वाचला कुठे?

वर्क स्टडीच्या पेपरात फ्रँक गिलब्रेथ येतो. त्याने गवंडीकाम बारकाईने पाहिलं. एक वीट रचायला १८ हालचाली लागत, त्या त्याने पाचवर आणल्या. तासाला १२० विटा रचणारा माणूस ३५० रचू लागला. गवंड्याला दर विटेसाठी खाली वाकावं लागू नये म्हणून त्याने विटा हाताच्या उंचीवर ठेवल्या, एवढी साधी गोष्ट. हे आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मी एका रविवारी वहीत प्रत्येक कामाची वेळ टिपली, तेव्हा गिलब्रेथ आठवला. जोड मारण्यात वेळ थोडाच गेला होता. बाकीचा गेला वायर शोधण्यात, टेप-कटरसाठी उठबस करण्यात आणि बंद केलेलं पॅनल पुन्हा उघडण्यात.

मग क्रम असा बसवला :

१) आधी गाडी तपासा. हॉर्न, इंडिकेटर, केबिनचा दिवा, काचा, डॅशबोर्डवरचे वॉर्निंग दिवे, सगळं मालकासमोर बघा. आधीच बंद असलेला इंडिकेटर नंतर आपल्या नावावर येतो, आणि तो शोधण्यात तासभर जातो.

२) जमेल तेवढं काम टेबलावर करा. वायरी मापाने कापा, टोकं सोला, रिलेचं वायरिंग करा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा. स्टिअरिंगखाली उताणं पडून जे पाच मिनिटांत होतं, ते टेबलावर एका मिनिटात होतं.

३) वायर मल्टिमीटरने ओळखा. बॅटरीची वायर नेहमी १२ व्होल्ट दाखवते. इग्निशनची वायर चावी ऑन केल्यावर १२ दाखवते आणि सेल्फ मारतानाही टिकते. ॲक्सेसरीची त्या वेळी शून्यावर जाते. स्टार्टरच्या वायरीवर फक्त सेल्फ मारतानाच व्होल्टेज येतं. मॉडेलप्रमाणे रंगांची वही ठेवा, पण वहीवर आंधळा विश्वास नको. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वर्षाच्या गाडीत रंग बदललेले असू शकतात.

४) टेस्ट लॅम्प कुठेही टोचू नका. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. १० मेगाओहमचा मल्टिमीटर १.२ मायक्रोअँपिअर! ईसीयूच्या वायरीला हा फरक कळतो. पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. तिकडे काहीच लावायचं नाही.

५) आतलं सगळं काम एका दमात, बॉनेटखालचं शेवटी. सायरनचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. पॅनल बसवण्याआधी सगळं चालवून बघा.

आता एक कबुली. तीन गाड्या उरकायच्या नादात एकदा मी इंजिन कटची वायर नुसती पिळून टेप गुंडाळला. आठवड्याने ती गाडी ताम्हिणी घाटात, रात्री, चढावर चालता-चालता बंद पडली. आत लहान मूल होतं. सुदैवाने मागून कोणी धडकलं नाही. गाडी टो करून दुकानात आली तेव्हा काका ओरडले नाहीत. तो सुटलेला जोड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "याला सोल्डर करायला किती वेळ लागला असता रे?"

"पाच मिनिटं, काका."

"आणि ती माणसं घाटात किती वेळ उभी होती माहितीये? अडीच तास."

त्या दिवसापासून जोड सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक, किंवा योग्य मापाचा क्रिंप. यात वेळ वाचवायचा नाही. दुसरं म्हणजे, कट इग्निशनच्या वायरीवर न घेता स्टार्टरच्या वायरीवर, रिलेच्या ३० आणि ८७ए या टर्मिनलमधून घ्यायचा. रिलेला सप्लाय नसताना ही टर्मिनल जोडलेली राहतात, म्हणून कॉइल जळली तरी गाडी सुरू होते. आणि जोड सुटलाच तर गाडी घरासमोर सुरू होणार नाही, पण घाटात मध्येच बंद पडणार नाही.

नव्या गाड्यांत बरंचसं काम कॅन बसवर चालतं. तिथे वायर कापली की वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. अशा गाडीला त्या मॉडेलचं कपलर-टू-कपलर किट नसेल तर आम्ही सरळ नाही म्हणतो. आमच्याकडे येतात त्या बहुतेक सेकंडहँड घेतलेल्या जुन्या बेस मॉडेलच्या गाड्या.

तेव्हा मित्रांनो, कुठलंही काम लवकर करायचं असेल तर आधी एक रविवार वही आणि घड्याळ घेऊन बसा. उठबस कमी करा, शोधाशोध कमी करा. आणि जी पाच मिनिटं दुसऱ्याच्या जिवाशी जोडलेली आहेत, ती पूर्ण द्या.