देणगीची पावती आणि प्राप्तिकर विवरणपत्र : नोंद कशी ठेवावी

दान करावे आणि विसरून जावे, असे वडीलधारी मंडळी सांगत. प्राप्तिकरात वजावट घ्यावयाची असल्यास मात्र दिलेल्या दानाची नोंद काळजीपूर्वक जपावी लागते. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू असल्याने, पुढील माहिती ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांविषयी, म्हणजेच १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०-जी विषयी आहे.

कोणते दान पात्र ठरते?
प्रत्येक देवालयास दिलेले दान वजावटीस पात्र असतेच असे नाही. केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या देवालयाच्या जीर्णोद्धारास वा दुरुस्तीस दिलेली देणगी, तसेच ८०-जी ची मान्यता असलेल्या धर्मादाय न्यासास दिलेली देणगी पात्र ठरते. अशा देणगीच्या ५० टक्के रक्कम, कायद्यातील कमाल मर्यादेस अधीन राहून, उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. रोख देणगी २,००० रुपयांहून अधिक असल्यास त्या संपूर्ण रकमेवर वजावट मिळत नाही. धान्य, वस्त्र, सुवर्णालंकार अशा वस्तुरूप दानासही ती लागू नाही. दानपेटीत अर्पण केलेल्या रकमेवर दात्याचे नाव नसते, म्हणून तिचा दावा करता येत नाही. नवीन करप्रणाली स्वीकारणाऱ्यास ही वजावट उपलब्ध नाही.

पॅनचे महत्त्व
आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०-जी मान्यताप्राप्त न्यासांना वर्षभरातील देणग्यांचे विवरण नमुना १०-बीडी मध्ये, वर्ष संपल्यानंतर ३१ मे पर्यंत, प्राप्तिकर विभागास सादर करावे लागते. त्यावरून दात्यास नमुना १०-बीई हे प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे केवळ पावती पुरेशी नाही. पावती वडिलांच्या नावे आणि दावा मुलाच्या विवरणपत्रात, असे झाल्यास नोंदी जुळत नाहीत. ज्याच्या उत्पन्नातून देणगी दिली, त्याचेच नाव व पॅन देणगी कक्षात नोंदवावे. प्रमाणपत्रात चूक आढळल्यास न्यासाकडून सुधारित विवरण सादर करून घ्यावे.

घरची नोंदवही
वही किंवा संगणकातील तक्ता, काहीही चालेल. त्यात दिनांक, संस्थेचे नाव व पत्ता, संस्थेचा पॅन, रोख रक्कम, धनादेश वा ऑनलाइन रक्कम, पावती क्रमांक आणि १०-बीई वरील क्रमांक असे रकाने असावेत. विवरणपत्राच्या ८०-जी अनुसूचीतही यांपैकी बहुतेक तपशील भरावे लागतात.

संगणक प्रणालीत भरताना
प्राप्तिकर विभागाच्या ऑफलाइन प्रणालीत पूर्वभरित माहितीची ‘जेसन’ स्वरूपातील फाइल आयात करता येते. त्यात आपल्या सर्व देणग्या आल्या आहेत असे गृहीत धरू नये. ८०-जी अनुसूची उघडून प्रत्येक नोंद तक्त्याशी व प्रमाणपत्राशी ताडून पाहावी, राहिलेली नोंद भरावी आणि एकच देणगी दोनदा आली नाही ना, याची खात्री करावी.

पावती, प्रमाणपत्र व विवरणपत्र या तिन्हींमधील नाव, पॅन आणि रक्कम जुळली, की दाव्याविषयी विचारणा झाली तरी देणगीदारास चिंतेचे कारण उरत नाही. म्हणून देणगी कक्ष सोडण्यापूर्वीच पावतीवरील नाव व पॅन एकदा वाचून पाहावे.