आजोबांचे साखळीचे घड्याळ किती जुने?

प्रश्न : तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि मागे ‘जी.आय.पी. रेल्वे’ असे कोरलेल्या घड्याळाचा काळ कसा ठरवावा?
– एक वाचक, वडाळा

उत्तर : वेस्ट एंडची घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनत आणि मुंबई-कलकत्त्यातून विकली जात. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे कोरीव अक्षरे त्याआधीची धरावीत. वेगळ्या किल्लीने चावी द्यावी लागत असल्यास घड्याळ बहुधा एकोणिसाव्या शतकातले. मागचे झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे. आत अस्वलाचा किंवा रानकोंबड्याचा बारीक ठसा असल्यास केस चांदीची आणि १८८०च्या स्विस कायद्यानंतरची. केस बदललेली असू शकते, म्हणून यंत्रावरचा क्रमांक अधिक भरवशाचा. यंत्र लाँजिन या स्विस कंपनीचे निघाल्यास त्या क्रमांकावरून कंपनीच्या दफ्तरात वर्ष शोधता येते. तोवर घड्याळाला पॉलिश करू नये, ठसे झिजतात.