बंदुकीची नळी किती लांब असावी?

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्यांचे गाव. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले ऑलिंपिकमधील हे पहिलेच वैयक्तिक पदक. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन प्रकारे या स्पर्धेत नेम धरावा लागतो. पन्नास मीटरवरील लक्ष्याचे मधले, दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे!

या स्पर्धेतील रायफलची नळी बहुधा ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. आता विचार करा. ती एक मीटर लांब केली तर नेम अधिक चांगला लागेल का? आणि ४० सेंटिमीटरची केली तर काय बिघडेल? "जितकी लांब नळी, तितकी बंदूक जबर" असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. ही समजूत कितपत खरी आहे, ते पदार्थविज्ञानाच्या मदतीने तपासू या.

नळीत काय घडते?

चाप ओढला की काडतुसातील दारू पेटते. तिचा अत्यंत तप्त वायू होतो. त्याला फुगायला जागा हवी असते, पण मागची बाजू बंद असते. म्हणून तो पुढच्या गोळीला ढकलत निघतो. गोळी नळीत आहे तोवरच तिला हा धक्का मिळतो. ती तोंडातून बाहेर पडली की ढकलणे जवळजवळ संपले.

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्ही शिकलाच आहात. वायूने गोळीवर केलेले कार्य तिच्या गतिज ऊर्जेच्या रूपाने साठते. स्पर्धेतील गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वस्तुमान सुमारे २.६ ग्रॅम आणि वेग दर सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. तिची गतिज ऊर्जा काढून पाहा. ती सुमारे १४२ ज्यूल येते. ही ऊर्जा ४० सेंटिमीटर नळीत मिळवायची, तर सरासरी ३५५ न्यूटन बल हवे. ३६ किलोग्रॅम वजनाचे पोते जितक्या जोराने खाली दाबते, तितका हा जोर! आणि तो पेन्सिलीपेक्षाही बारीक गोळीवर! गोळीचे क्षेत्रफळ लक्षात घेतले तर सरासरी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४० पट भरतो. सुरुवातीचा दाब तर याहून कितीतरी अधिक असतो.

दुप्पट लांबी, तेवढाच नफा

यावरून वाटेल की नळी लांब केली की अंतर वाढले, कार्य वाढले, वेग वाढला. पण इथे बॉइलचा नियम आडवा येतो. दारू जळून संपली की वायूचे प्रमाण वाढत नाही. गोळी पुढे सरकते तसे वायूचे आकारमान वाढते आणि दाब उतरतो.

सोयीसाठी तापमान कायम आहे असे धरू. गोळी १० सेंटिमीटरवर असताना दाब १०० एकक असेल, तर २० वर तो ५०, ४० वर २५ आणि ८० वर साडेबारा उरेल. आता १० ते २० या पहिल्या टप्प्यात झालेले कार्य आणि २० ते ४० या दुसऱ्या टप्प्यातील कार्य यांची तुलना करा. दुसऱ्या टप्प्यात अंतर दुप्पट आहे, पण दाब निम्मा आहे. गुणाकार तोच! तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ४० ते ८० मध्येही तोच. पहिला जो नफा १० सेंटिमीटर नळीत मिळाला, तेवढाच पुढे २० सेंटिमीटरला आणि त्यापुढे ४० सेंटिमीटरला मिळतो.

प्रत्यक्षात वायू फुगताना थंडही होतो, त्यामुळे दाब याहून झपाट्याने उतरतो. शिवाय नळीच्या आतील भिंतीशी गोळीचे घर्षण चालूच असते. शेवटी अशी जागा येते, की तेथे वायूचा जोर आणि घर्षण बरोबरीला येतात. त्यापुढची नळी गोळीचा वेग वाढवीत नाही, उलट किंचित कमी करते. ५.६ मिलिमीटरच्या काडतुसात दारू चिमूटभरच असते. त्यामुळे ही जागा साधारण ४० सेंटिमीटरच्या आसपासच येते. म्हणजे ६५ सेंटिमीटर नळीतील शेवटचे २५ सेंटिमीटर वेगासाठी नाहीतच!

देवळालीचे उदाहरण

मग मोठ्या तोफांच्या नळ्या एवढ्या लांब का? आपल्या नाशिक जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली येथे दोन तोफा एकाच समारंभात सैन्यात दाखल झाल्या. एक एम-७७७ आणि दुसरी के-९ वज्र. दोघींच्या नळीचा आतील व्यास १५५ मिलिमीटरच. पण तोफेच्या नळीची लांबी या व्यासाच्या पटीत सांगतात. एम-७७७ ची लांबी ३९ पट, म्हणजे सुमारे ६ मीटर. वज्रची ५२ पट, म्हणजे सुमारे ८ मीटर. तोफेत गोळ्यामागे भरपूर दारू असते, ती बराच वेळ वायू पुरवते, म्हणून तिला लांब नळी मानवते. लांब नळी आणि अधिक दारू यांमुळे वज्रचा पल्लाही मोठा आहे.

पण एम-७७७ ची नळी मुद्दाम आखूड ठेवली आहे. तिच्या सांगाड्यात हलका टायटॅनियम धातू वापरला असून सगळ्या तोफेचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास आहे. हेलिकॉप्टरला टांगून ती डोंगरमाथ्यावर नेता येते. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी वज्र सुमारे ४७ टनांची. ती सपाट वाळवंटात पळेल, पण हिमालयाच्या कड्यावर कोण नेणार? दोन्ही लांबी बरोबर आहेत. काम वेगळे, म्हणून उत्तर वेगळे.

एक गंमत पाहा. रायफलची ६५ सेंटिमीटर नळी तिच्या ५.६ मिलिमीटर व्यासाच्या सुमारे ११६ पट भरते. या मापाने ती वज्रपेक्षाही "लांब" ठरते! तेव्हा केवळ लांबी पाहून चालत नाही. नळीच्या मानाने दारू किती, हे पाहावे लागते.

नेम लांबीमुळे लागतो का?

गोळी सरळ जाते ती नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे. त्या खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे ती आपला अक्ष सोडत नाही. त्यासाठी फार लांब नळी लागत नाही.

उलट लांब नळीचा एक दोष आहे. नळी एका टोकाला पक्की बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि बाहेरचे टोक टिचकीने हलवा. बाहेरचा भाग जितका लांब, तितकी ती अधिक वाकते. हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टोकाला तेवढाच भार दिला, तर ६५ सेंटिमीटर नळी त्याच जाडीच्या ४० सेंटिमीटर नळीच्या सव्वाचार पट वाकेल. गोळी सुटताना नळी अशीच थरथरते. म्हणून आखूड आणि जाड नळी नेमाला उलट चांगली.

तरीही खेळाडू लांब नळी का पसंत करतात? पुढची माशी आणि मागचे भोक यांतील अंतर हे त्याचे एक कारण. समजा, माशी जागेवरून ०.१ मिलिमीटर ढळलेली आहे आणि डोळ्याला ते कळले नाही. दोहोंत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर पन्नास मीटरवर ८.३ मिलिमीटर चूक होते. अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर ६.३ मिलिमीटर. समरूप त्रिकोणांचे हे साधे गणित आहे. पण त्यासाठी जड नळी कशाला हवी? अनेक खेळाडू नळीच्या तोंडाला पातळ पोकळ नळकांडे बसवतात आणि माशी त्याच्यावर ठेवतात. गोळी त्या नळकांड्याला स्पर्शही करत नाही. नेमाची लांबी वाढली, नळीची नाही!

वजनाचा हिशेब

बावीस मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पोलादी नळीचे दर १० सेंटिमीटरला सुमारे २८० ग्रॅम वजन भरते. ६५ ऐवजी ४० सेंटिमीटर नळी घेतली, तर ७०० ग्रॅम कमी होतात. शिवाय हे वजन हातापासून दूर, टोकाला असते. भरलेली बादली छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे. मात्र थोडे वजन पुढे असले की रायफल हातात कमी डुलते, म्हणून खेळाडू सगळेच वजन काढून टाकत नाहीत.

आवाज कोठून येतो?

बंदुकीचे आवाज दोन. पहिला नळीच्या तोंडाशी होतो. गोळी बाहेर पडताच मागचा दाबलेला वायू एकदम सुटतो. सायकलची ट्यूब फुटली तर धडाका होतो. तीच हवा व्हॉल्व्हमधून सोडली तर नुसती फुसफुस होते. लांब नळीत वायूचा दाब आधीच उतरलेला असतो, म्हणून धडाका कमी होतो. सायलेन्सर हेच काम निराळ्या रीतीने करतो. तोंडाला बसवलेल्या या डब्यात पडदे आणि कप्पे असतात. वायू त्यांत पसरतो, थंड होतो आणि हळू बाहेर येतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला १९०९ मध्ये याचे पेटंट मिळाले. मोटारसायकलचा सायलेन्सरही याच तत्त्वावर चालतो.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत आघाततरंग उठतो आणि चाबकासारखा कडाका ऐकू येतो. हा आवाज सायलेन्सर थांबवू शकत नाही. हवेतील ध्वनिवेग ० अंशाला दर सेकंदाला ३३१ मीटर असतो व दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. समजा, गोळीचा वेग ३४५ मीटर आहे. सटाण्यात जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे ध्वनिवेग ३३७ मीटर असेल, म्हणून कडाका होईल. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी तो ३५५ मीटर असेल, म्हणून होणार नाही! बंदूक तीच, गोळी तीच.

सिनेमात दाखवतात तशी बंदूक मात्र मुकी होत नाही. दबलेला आवाजही चांगला मोठा असतो. म्हणूनच नेमबाज सरावाच्या वेळी कान झाकून घेतात.

येथे एक इशारा. पाखरे आणि माकडे हाकलण्यासाठी शेतात वापरतात त्या कार्बाइडच्या प्लास्टिक नळीत हाच दाब कोंडलेला असतो. पण ती नळी बंदुकीच्या पोलादाची नसते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. तिच्या जवळ जाऊ नका. बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

मग उत्तर काय?

हलकी, कमी आवाजाची आणि अचूक अशी तिन्ही गुणांची छोटी रायफल हवी असेल, तर सुमारे ४० सेंटिमीटरची जाड नळी आणि पुढे हलका सायलेन्सर ही जोडी योग्य. वेगात तोटा नाही, कारण वायूचे काम तेथे संपलेलेच असते. एकूण लांबी लांब नळीइतकीच भरते, पण वजन कमी. काडतूस मोठे असेल, तर हेच उत्तर बदलेल. "लांब चांगली की आखूड?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कशासाठी? दारू किती? वजन कोण उचलणार?" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

करून पाहा

सरबत पिण्याच्या नळीचे ५, १० आणि २० सेंटिमीटरचे तुकडे घ्या. कापसाची सैलसर बसेल अशी ओली गोळी तोंडाजवळच्या टोकाशी ठेवा आणि प्रत्येक वेळी एकच छोटी, जोराची फुंकर मारा. श्वास आत ओढू नका व कोणाच्या दिशेने नळी धरू नका. प्रत्येक लांबीला पाच वेळा अंतर मोजून सरासरी काढा. दोन नळ्या जोडून ४० सेंटिमीटरलाही मोजा. लांबी आणि अंतर यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो की वाकतो?

विचार करा

१. नळीचा बाहेरील व्यास २२ वरून २० मिलिमीटर केला, तर १० सेंटिमीटरमागे किती वजन वाचेल? पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरा.
२. ध्वनिवेग दर सेकंदाला ३४५ मीटर होण्यासाठी हवेचे तापमान किती हवे?
३. फुंकर आणि दारूचा वायू यांत मुख्य फरक कोणता? त्यामुळे तुमचा आलेख रायफलपेक्षा कसा वेगळा येईल?